संशोधनाची पद्धत कुठून आणायची? पेट पास झालेल्या आपल्या मराठवाड्यातल्या पोरापोरींसाठी सविस्तर

पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) पास झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहायचीय, अशा टप्प्यावर अडकलेल्या पोरापोरींचे फोन येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "सर, माझा विषय समाजशास्त्राचा आहे, पद्धत कोणती टाकू?" टाकू, म्हंजे भाजीत मीठ टाकावं तसं. मग कुणाच्या तरी जुन्या प्रबंधातून तिसरं प्रकरण उचललं जातं, वर्णनात्मक, विश्लेषणात्मक, सर्वेक्षण, सगळे शब्द येतात आणि त्याचा पुढच्या चार प्रकरणांशी काही संबंध राहत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ही पोरं हुशार असतात आणि ज्या गावांचा अभ्यास करायचाय ती गावं त्यांना तळहातासारखी माहीत असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की पद्धत तुमच्या डिपार्टमेंटवरून ठरत नाही, तुमच्या प्रश्नावरून ठरते. खाली सगळीकडं मी ऊसतोडीचंच उदाहरण घेतलंय, कारण माझं स्वतःचं काम त्यातच झालं आणि माझे चुलते-चुलती बारा हंगाम तोडीला गेलेले आहेत.

आधी विषयाचा प्रश्न करा

"बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास" हा विषय झाला, प्रश्न नाही. याच्यात बीड काढून जालना घाला, ऊसतोड काढून वीटभट्टी घाला, वाक्य तसंच उभं राहतं, म्हंजे त्यात तुमचं स्वतःचं असं काहीच नाही. एक वही घ्या आणि त्या विषयावर मनात येतील ते वीस-पंचवीस प्रश्न लिहून काढा, येडेवाकडे असले तरी चालतील. मग एकेक प्रश्न तपासा. याचं उत्तर माझ्या अंदाजापेक्षा उलटं येऊ शकतं का? येऊ शकत नसेल तर तो प्रश्न नाही, ते तुमचं मत आहे. कोण, कुठं, कधी हे त्यात आहे का? आणि शेवटचं, पुराव्यापर्यंत मला माझ्या पैशात, माझ्या वेळात पोचता येईल का? पीएचडीला नियमानं कमीत कमी तीन वर्षं आहेत, त्यातलं एक कोर्सवर्क आणि कागदपत्रांतच जातं, म्हणून फिल्डला साधारण दोन हंगाम मिळतात असं धरून चला.

असं करत करत प्रश्न असा होतो: वडवणी तालुक्यातल्या ज्या घरांची उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) हंगाम संपताना फिटत नाही ती घरं पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडं) जातात का, आणि जात असतील तर का? आता बघा, पहिल्या अर्ध्याला मोजणी लागते, किती घरं, कितींची उचल राहिली, किती परत गेली. दुसऱ्या अर्ध्याला लोकांशी बसून बोलावं लागतं, कारण "का"चं उत्तर टिकमार्क करून मिळत नाही. ज्याला मिश्र पद्धत म्हणतात ती इथं आपोआप आली, पुस्तकातून आणावी लागली नाही.

एकाच फडात सगळ्या शाखा उभ्या करून बघा

वेगवेगळ्या शाखा पुरावा कशाला म्हणतात हे समजून घ्यायचं असेल तर एका उसाच्या फडात सगळ्यांना उभं करा. अर्थशास्त्रवाला बघणार टनाला दर काय, कोयत्यामागं उचल किती, व्याज कुणी सोसलं. त्याचा पुरावा आकड्यांत असतो. समाजशास्त्राची पोरगी बघणार की कोयता म्हंजे नवरा-बायकोची जोडी धरतात, मग एकट्या बाईला टोळीत जागा आहे का, आणि लग्न लवकर होण्याचा याच्याशी संबंध आहे का; तिला कोपीत (फडावरच्या झोपडीत) जाऊन राहावं लागेल, बघावं लागेल, ऐकावं लागेल. इतिहासवाला विचारणार हे स्थलांतर सुरू कधी झालं, १९७२ च्या दुष्काळानं त्याला किती रेटा दिला, आणि तो कागद आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी दोन्ही घेऊन एकमेकांवर घासून बघणार. शिक्षणशास्त्राचा विद्यार्थी हंगामी वसतिगृहात राहिलेलं पोर आणि आईबापाबरोबर फडावर गेलेलं पोर यांची तुलना करणार. कायद्याच्या पोराला दोन वाटा आहेत, एक नुसते कायदे आणि निकाल वाचून मांडणी करायची आणि दुसरी तो कायदा फडावर पोचतो का ते जाऊन बघायची, आणि दोन्ही खऱ्याच आहेत.

वैद्यकीय बाजूचं उदाहरण जरा थांबून सांगतो. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनचा विषय २०१९ ला राज्यभर गाजला, सरकारनं समितीही नेमली. आता समजा तुम्ही शंभर ऊसतोड बायकांना विचारलं आणि त्यातल्या अमुक इतक्यांचं ऑपरेशन झालेलं निघालं, तर त्यावरून "ऊसतोडीमुळं" असं म्हणता येत नाही. त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, साधारण तेवढ्याच जमिनीच्या पण तोडीला न जाणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय हे वाक्य लिहायचंच नाही. आणि तरीही प्रश्न उरतो की कारण काम आहे, लवकर झालेलं लग्न आणि बाळंतपणं आहेत, खाडा (कामाला सुट्टी) पडला की पैसे कापतात ही भीती आहे, की दवाखान्यात मिळालेला सल्ला आहे. तुलनेचा गट नसताना काढलेला निष्कर्ष कितीही सहानुभूतीनं लिहिला तरी तो त्या बायकांच्या उपयोगाचा नाही, समोरचा वकील पाच मिनिटात तो मोडून टाकतो.

परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्यांना हे सगळं जास्त लवकर कळतं असा माझा अनुभव आहे, कारण ते प्लॉट टाकून शिकलेले असतात. सोयाबीनच्या चार वाणांची तुलना करायची तर एक वाण वरच्या अंगाला मुरमाड जमिनीत आणि दुसरं खाली ओढ्याकडच्या काळ्या भारी जमिनीत पेरून चालत नाही, कारण मग जिंकलं ते वाण का जमीन हे कळणार कसं? म्हणून रानाचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्याच्या आत जमीन सारखी, प्रत्येक पट्ट्यात चारही वाणं, आणि कुठलं कुठं येईल ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. हे आरबीडी, म्हंजे रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन. इंग्लंडातल्या रॉथम्स्टेड या शेती संशोधन केंद्रात फिशर नावाच्या माणसानं १९२० च्या दशकात ही चिठ्ठी टाकायची शिस्त बसवली आणि आज औषधांच्या चाचण्या होतात त्यांचा पाया तोच आहे. वाणिज्य किंवा मानसशास्त्राच्या पोरांनी एकदा तरी परभणीला जाऊन असे प्लॉट डोळ्यांनी बघावेत, पुस्तकातल्या दहा पानांचं काम तिथं अर्ध्या तासात होतं.

नमुना: माती घेता तशी माणसं घ्या

सगळ्यात जास्त गडबड इथं होते, "नमुना १०० घेतला, सोयीनुसार", का १०० तर आकडा गोल आहे म्हणून. आपल्याकडं माती परीक्षणाला माती कशी घेतात ते आठवा. बांधाकडची घेत नाहीत, झाडाखालची नाही, उकिरड्याजवळची नाही, विहिरीपाशी तर नाहीच. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची, सगळी घमेल्यात एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, परत चार भाग, असं करत अर्धा किलो ठेवायची. आणि हलकी जमीन अन् भारी जमीन एकाच पिशवीत घालायची नाही, दोन पिशव्या करायच्या.

माणसांचंही अगदी तसंच आहे. रस्त्यालगतचं गाव, सरपंचाची ओळख असलेला वाडा, चहाच्या टपरीवर रिकामी बसलेली माणसं, हे सगळं बांधाकडची माती झाली. टोळी असलेली सगळी गावं आधी यादीत लिहा, तांडे वेगळे, वाड्यावस्त्या वेगळ्या (ही झाली हलकी आणि भारी जमीन), प्रत्येकातून चिठ्ठीनं काही निवडा आणि मग घरांचीही यादी करून चिठ्ठी टाका. आकडा किती तर पुष्कळ प्रबंधांत ३८४ दिसतो, तो आकाशातून पडलेला नाही, मोठ्या लोकसंख्येत ९५ टक्के खात्री आणि पाच टक्के चूक मान्य धरली की सूत्रातून ३८४ येतो. पण हे साध्या चिठ्ठी पद्धतीसाठी झालं, तुम्ही गावंच्या गावं निवडणार असाल तर जास्त घरं लागतात, कारण एका तांड्यातली माणसं बऱ्याच गोष्टींत एकमेकांसारखीच असतात. मुलाखतींच्या कामाला मात्र हे गणित लावू नका. तिथं वीस माणसंही पुरतात, अट एकच, नव्या माणसाकडून नवीन काही निघायचं बंद होईपर्यंत थांबायचं नाही.

अजून एक गोष्ट, जी आपल्याच भागात लागू होते. डिसेंबरात धारूर-पाटोद्याकडं सर्व्हे करायला गेलात तर दाराला कुलूप, ओट्यावर म्हातारी अन् चार पोरं. टोळ्या दसरा-दिवाळीच्या आसपास गेलेल्या असतात कोल्हापूर-सांगलीकडं, काही कर्नाटकात. तुमच्या सर्व्हेत मग कोण येणार, तर जे गेले नाहीत तेच. २०११ च्या जनगणनेची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, ऐन तोडीच्या हंगामात, तेव्हा आपल्या गावचा जनगणनेतला आकडा थेट उचलून लिहिण्याआधी हे डोक्यात ठेवा. माझा सल्ला, घरचा सर्व्हे जून ते सप्टेंबर आणि फडावरचं निरीक्षण जानेवारीत.

प्रश्नावली बसते कुठं अन् मोडते कुठं

माझी पहिली प्रश्नावली चाळीस प्रश्नांची होती, टाईप केलेली, चौथा प्रश्न "कुटुंबाचे मासिक उत्पन्न". एका मावशीला विचारला. तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "महिन्याला कुठं मिळतंय बाळा, उचल घेतली की इसरायचं, मग नुसतं फेडायचं." मी तरी विचारत राहिलो, अंदाजे सांगा, वर्षाचे भागिले बारा करू. ती गप्प. मग तिचा नवरा कुठलातरी आकडा बोलला आणि मी तो लिहून घेतला. असे बासष्ट फॉर्म भरल्यावर एकदा फडावर टायरगाडीशेजारी बसलो असताना तीच मावशी वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधून गवळ्याला विकताना दिसली, रोख पैसे, संध्याकाळचं तेल-मीठ त्यातूनच. माझ्या चाळीस प्रश्नांत वाढ्यांचं नावसुद्धा नव्हतं. तेलामिठाला लागणारा रोख पैसा माझ्या प्रबंधात आलाच नसता. ते बासष्ट फॉर्म मी बाजूला ठेवले आणि परत सुरुवात केली, चार महिने गेले.

म्हणून आता मी सांगतो की आधी पंधरा-वीस दिवस नुसतं बसा, ऐका, आणि त्यांचे शब्द वहीत लिहा. उचल, कोयता, मोळी, खाडा, वाढे, कोपी, डोकी सेंटर (मोळ्या डोक्यावर वाहून ट्रक भरायचा), गाडी सेंटर (ऊस बैलगाडीनं न्यायचा). प्रश्न याच शब्दांत करा: "औंदा कोयत्यामागं उचल किती घेतली?", "मागली किती राहिली होती?", "वाढे कोण विकतं, पैसे कुणाच्या हातात?". एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबू नका, "पगार आणि सोयी समाधानकारक आहेत का" याला हो म्हणलं तर कशाला हो? तांड्यावर जाणार असाल आणि गोरमाटी (बंजारा बोली) येत नसेल तर तिथलीच शिकलेली पोरगी सोबत घ्या, तिला तिच्या दिवसाचे पैसे द्या आणि प्रबंधात तिचे आभार माना. मग दहा-पंधरा घरांत पायलट करा. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी बंगालात तागाच्या पिकाचे सर्व्हे करताना ही आधी छोटं करून बघायची सवय लावली, आपल्याला ती फुकटात मिळालेलीय तर वापरा.

मुलाखत घेताना मुकादम शेजारी बसलेला नको. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारायचं, नको म्हणलं तर मोबाईल खिशात. आणि त्याच रात्री लिहून काढायचं, दुसऱ्या दिवशी अर्धं उडून जातं.

कागदाचं काम

इतिहासाच्या पोरांना आपल्या भागात एक वेगळी अडचण आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाकडं, मग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, पुढं द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र, त्यामुळं एकाच तालुक्याचे कागद हैदराबादला, मुंबईला आणि तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये असे विखुरलेले. हैदराबादला तारनाक्याला तेलंगणा सरकारचं अभिलेखागार आहे, तिथं गाईडचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जावं लागतं. कागद फारसी, उर्दू, मोडी कशातही असू शकतो. कुणबी नोंदी शोधायला २०२३ ला समिती नेमली तेव्हा गावागावात लोकांना कळलं की मोडी वाचणारा माणूस किती मोलाचा आहे, तर तुम्ही आत्ताच शिका, सहा महिने रोज तासभर बसलात तर हात बसतो. निलंग्याचे इतिहासकार सेतुमाधवराव पगडी फारसी-उर्दू थेट वाचायचे म्हणून त्यांचं काम टिकलं, नुसत्या इंग्रजी भाषांतरांवर ते उभं राहिलं नसतं.

फसली सन (निजामाच्या काळातलं महसुली वर्ष) दिसला की घाबरायचं नाही, त्यात ५९० मिळवा, फसली १३४७ म्हंजे १९३७-३८. जुन्या कागदात रुपये असतील तर ते हाली सिक्का (निजामाचं नाणं) आहेत का कलदार (इंग्रजांचं नाणं) ते बघा, दोन्हींची किंमत सारखी नव्हती. जमिनीवर काम असेल तर १९५४-५५ चं खासरा पाहणीपत्रक (कुठली जमीन कुणाच्या ताब्यात याची नोंद) मागा. आणि प्रत्येक कागदाला विचारा की हे कुणी लिहिलं, कुणासाठी, किती वर्षांनी? पाटलाच्या दप्तरात पाटलाचा अन्याय सापडेल अशी आशा धरू नये, त्यासाठी दुसरा कागद किंवा दुसऱ्या घरची आठवण लागते.

मराठीच्या विद्यार्थ्यांनाही हेच लागू. अंबाजोगाईची संतकवी दासोपंतांची पासोडी, चाळीस फूट लांब कापडावर लिहिलेलं पंचीकरण (वेदान्तावरची रचना), ते छापील पुस्तकात वाचणं आणि त्या कापडासमोर उभं राहून ओळी कुठं तुटतात ते बघणं यात फरक आहे. महानुभाव पोथ्या तर सकळ लिपीत (पंथाच्या सांकेतिक लिपीत), पाठभेद लावायचे तर ती लिपी यायलाच पाहिजे. फडावरच्या ओव्यांवर काम करणाऱ्या पोरींनो, ओवी "दुरुस्त" करू नका, बाई जशी म्हणाली तशीच लिहा आणि ती कुठल्या गावची, माहेर कुठलं हे खाली नोंदवा, त्यावरून ओवी कुठून कुठं गेली ते कळतं.

लॅबवाल्यांसाठी थोडक्यात, कारण तुमच्याकडं शिस्त आधीच बरी असते. बोअरचं पाणी तपासायचं तर मोटार थोडा वेळ चालू द्या, बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळा, पीएच मीटर ४, ७ आणि ९.२ च्या बफरवर लावून घ्या, आणि एकाच नमुन्याचं तीनदा वाचन घ्या. फ्लोराईडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. उन्हाळ्यातलं पाणी आणि पावसाळ्यातलं पाणी वेगळं असतं, एकदाच घेऊन वर्षभराचं बोलू नका.

आकडे आणि मुलाखती हातात आल्यावर

एक्सेलमध्ये भरताना मूळ फाईल कुलूपबंद ठेवा, काम कॉपीवर करा. सरासरीवर भिस्त ठेवू नका, दहा घरांत नऊ जणांकडं एकेक एकर आणि एकाकडं चाळीस एकर असेल तर सरासरी ४.९ एकर येते आणि गावात तसा एकही माणूस नसतो, अशा वेळी मध्यक (ओळीनं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या. दोन गटांत फरक आहे का हे बघायला काय-स्क्वेअर, टी-टेस्ट काय ते लावा पण कशाला लावलं हे एका साध्या मराठी वाक्यात सांगता आलं पाहिजे, नाही आलं तर ते काढून टाका.

मुलाखतींचं काम हातानं करा असंच मी म्हणीन. उतरवलेली पानं प्रिंट काढा, समासात पेन्सिलनं लिहा, इथं खाड्याची भीती, इथं मुकादम नात्यातला, इथं पोरीच्या लग्नाची घाई. मग सारख्या चिठ्ठ्या एकत्र लावा. माझ्या वेळी "त्याच मुकादमाकडं का जाता" याला सगळे सुरुवातीला "पैसे राहिले म्हणून" म्हणायचे, पण समास भरून झाल्यावर दिसलं की कितीतरी ठिकाणी मागोमाग "आजारपणात त्यानंच गाडी लावली" असं येतंय. कर्ज आणि आधार एकाच माणसाकडं, हे मला आकड्यांतून कधीच दिसलं नसतं.

लिहिणं आणि परत जाणं

संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोत (संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाका, फुकट आहे. शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाईन भांडारात) आपल्या विषयाचे जुने प्रबंध वाचा पण उचलू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्याच्या पुढं ४० पर्यंत गेलं की दुरुस्त करून परत द्यावं लागतं आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. इंग्रजीतला उतारा मराठीत भाषांतर करून टाकला तर मशीनला बहुतेकदा कळत नाही, पण चोरी ती चोरीच. चॅटबॉट नसलेली पुस्तकं, नसलेले लेखक बिनधास्त सांगतो, त्यानं दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. नावं बदला, आणि नुसतं नाव बदलून भागत नाही, कारण "अमुक वाडीतला दोन बायका असलेला मुकादम" म्हणलं की सगळा तालुका ओळखतो.

आणि प्रबंध सबमिट झाला की ज्या घरांत बसून चहा पिलात तिथं परत जा. दोन पानं, मोठ्या अक्षरात, मराठीत, काय सापडलं ते. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. मी गेलो तेव्हा त्या मावशीनं वाढ्यांचा आकडा चुकलाय म्हणून सांगितलं, पेंढीचा भाव मी एका कारखान्याचा धरला होता आणि ती दुसऱ्याकडं जायची, लेख छापायच्या आधी दुरुस्त झालं. फक्त दसऱ्याच्या आत जा, त्यानंतर टोळी निघालेली असते.